जुना संगणक आणि नवे संकलनयंत्र

चित्रपट सेल्युलॉइडच्या फितीवर उतरत असे, त्या काळी संकलकाचे टेबल हे दीर्घकाळ टिकणारे साधन होते. ३५ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने पुढे सरके. एका फुटात १६ चौकटी मावत, म्हणजे एका मिनिटाच्या चित्रणाला ९० फूट फीत लागे. संकलक ती कापी, जोडी आणि पुन्हा पुन्हा पाही. कॅमेरे बदलले, तरी फितीची रुंदी बदलत नसे. म्हणून कित्येक वर्षांपूर्वी घेतलेल्या टेबलावर नव्या चित्रपटाचे कामही विनासायास होई.

संकलनाचे काम संगणकाकडे आले आणि ही निश्चिंती संपली. आज जिल्ह्याच्या गावी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारा व्यावसायिक असो, पाठ चित्रित करणारा शिक्षक असो की माहितीपट करू पाहणारी विद्यार्थिनी असो, काही वर्षांनी प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो. घरातला संगणक चालू असतो, पण नव्या कॅमेऱ्याचे चित्रण त्यावर अडखळते. तो विकून आलेल्या पैशांत भर घालावी व अधिक समर्थ यंत्र घ्यावे, असा विचार मनात येतो. हा विचार योग्य की घाईचा, हे ठरवण्यापूर्वी अडखळण्याचे मूळ कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

चित्रफितीचे ओझे

संगणकाच्या पडद्यावरील चित्र असंख्य बिंदूंचे बनलेले असते. पूर्ण एचडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकटीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. 'फोर-के' चौकटीत आडवे ३,८४० व उभे २,१६० बिंदू असतात. त्यांची एकूण संख्या आधीच्या बरोबर चौपट भरते. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदण्यास तीन बाइट लागतात असे धरले, तर फोर-केची एक चौकट सुमारे अडीच कोटी बाइटांची होते. भारतात बहुधा सेकंदाला २५ चौकटी घेतल्या जातात. त्या हिशेबाने एका सेकंदाला ६२ कोटी बाइट आणि एका मिनिटाला सुमारे ३७ गिगाबाइट माहिती निर्माण होते.

एवढी माहिती जशीच्या तशी साठवणे कोणत्याही सामान्य कॅमेऱ्याला परवडणारे नाही. म्हणून कॅमेरा तिचा संक्षेप करतो. सेकंदाला १०० मेगाबिट या प्रमाणात नोंद करणारा कॅमेरा हीच माहिती सुमारे पन्नासाव्या हिश्शात बसवतो. तरीही एका तासाच्या चित्रणास ४५ गिगाबाइट जागा लागते. लग्नात दोन कॅमेऱ्यांनी मिळून सहा तास चित्रण केले, तर संकलकाच्या पुढ्यात २७० गिगाबाइटांचा ढीग येऊन पडतो.

खरी मेख या संक्षेपातच आहे. २००३ साली निश्चित झालेल्या एच-२६४ आणि २०१३ साली आलेल्या एच-२६५ या पद्धतींत प्रत्येक चौकट पूर्णपणे नोंदली जात नाही. ठरावीक अंतराने एक चौकट पूर्ण नोंदतात आणि मधल्या चौकटींत केवळ काय बदलले एवढेच टिपून ठेवतात. चित्रफीत सरळ पाहताना याचा त्रास होत नाही. संकलक मात्र मागेपुढे उड्या मारतो. त्याने मधल्याच एखाद्या चौकटीवर बोट ठेवले, की संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तेथून पुढचा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे उलगडण्याचे काम करणारी खास मंडले प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात असली, तर ते क्षणार्धात होते. नसली तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. इंटेल कंपनीच्या २०१५ पूर्वीच्या प्रोसेसरांत एच-२६५ साठी अशी परिपूर्ण सोय नव्हती. त्यामुळे २०१३ सालचा, त्या वेळी अव्वल समजला जाणारा संगणक जुने चित्रण सहज हाताळतो, पण आजच्या मोबाइल फोनवरील चित्रणापुढे हात टेकतो. यंत्र बिघडलेले नसते. कामाची भाषा बदललेली असते.

विकण्यापूर्वीची परीक्षा

यावरून पहिला धडा मिळतो. यंत्र विकण्यापूर्वी त्याचे नेमके कोणते अंग थकले आहे, ते शोधावे. विंडोज प्रणालीत 'टास्क मॅनेजर' नावाची सोय असते. ती उघडी ठेवून नेहमीचे संकलन सुरू करावे. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला असेल, तर दोष एका ठिकाणी आहे. रॅम पूर्ण भरली असेल, तर दुसऱ्या ठिकाणी. आणि दोन्ही मोकळे असून डिस्क मात्र सतत गुंतलेली असेल, तर तिसऱ्या ठिकाणी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबाइट वाचते. साध्या जोडणीची एसएसडी सुमारे ५०० मेगाबाइटांपर्यंत जाते आणि नव्या एनव्हीएमई जोडणीची एसएसडी त्याच्याही कित्येक पट पुढे. केवळ डिस्क बदलल्याने किंवा रॅम वाढवल्याने काम भागत असेल, तर संगणक विकणे हा तोट्याचा व्यवहार ठरेल.

आणखी एक बिनखर्चाचा उपाय आहे. बहुतेक संकलन-सॉफ्टवेअर मूळ चित्रणाची हलकी, कामचलाऊ प्रत तयार करू शकते. तिला प्रॉक्सी म्हणतात. कापणे-जोडणे या प्रतीवर करायचे आणि शेवटची चित्रफीत मात्र मूळ चित्रणावरून काढायची. प्रती तयार होण्यास रात्र लागली, तरी दिवसाचे काम सुरळीत होते.

प्रोसेसरच अपुरा असेल, तर मात्र गोष्ट निराळी. नव्या प्रोसेसरला नवा मदरबोर्ड लागतो आणि त्यावर बहुधा नव्या जातीची रॅम लागते. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या जाती एकमेकींच्या खाचांत बसत नाहीत. अशा वेळी संपूर्ण यंत्रच बदलणे शहाणपणाचे होय.

किंमत कशाने ठरते

मालकाच्या मनातली किंमत आणि बाजारातली किंमत यांत नेहमीच अंतर असते. आयकराच्या हिशेबात २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून संगणकावर घटत्या किमतीनुसार दरसाल ४० टक्के घसारा धरला जाऊ लागला. त्या दराने ५० हजारांचा संगणक एका वर्षाने ३० हजारांचा, दोन वर्षांनी १८ हजारांचा आणि तीन वर्षांनी १० हजार ८०० रुपयांचा उरतो. हा बाजारभाव नव्हे. परंतु संगणकाची किंमत सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे हळूहळू उतरते, एवढे यावरून ध्यानी येते.

बाजाराला स्वतःची भरती-ओहोटीही असते. आभासी चलन 'खणण्या'साठी ग्राफिक्स कार्डांना अतोनात मागणी आली, तेव्हा २०२१ साली वापरलेली कार्डेही चढ्या भावाने विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथीरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि खणण्याच्या कामातून मोकळी झालेली कार्डे बाजारात आली. याउलट २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिप मोठ्या प्रमाणावर उचलल्यामुळे रॅमचे भाव एकदम वाढले. तसेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य संपले. विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे आवश्यक असल्याने, सातव्या व आठव्या पिढीच्या यंत्रांतील अंतर ग्राहकाच्या दृष्टीने मोठे झाले आहे.

अखंड यंत्र विकावे की सुटे भाग, हाही प्रश्न असतो. समजा, अखंड यंत्राला २० हजार रुपये मिळतात आणि सुट्या भागांचे मिळून २५ हजार होतात. वरचे पाच हजार खरे. पण ग्राफिक्स कार्ड आणि रॅम ताबडतोब खपतात, तर मदरबोर्ड व प्रोसेसर महिनोन् महिने घरात पडून राहतात, असा अनुभव येण्याचा संभव असतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि सुस्थितीतील एसएसडी नव्या यंत्रालाही उपयोगी पडतात. ते विकून पुन्हा विकत घेण्यात काहीच लाभ नाही.

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट आणि कोलकात्याचे चांदनी चौक येथील दुकानदार अशी यंत्रे घेतात. दुकानदाराला पुढे हमी द्यायची असते आणि नफाही मिळवायचा असतो. म्हणून त्याचा भाव कमी असणे स्वाभाविक आहे. थेट ग्राहक अधिक देतो, पण त्यात वेळ व जोखीम असते. संकलनास अपुरे पडलेले यंत्र हिशेब, टंकलेखन किंवा शालेय अभ्यास यांसाठी उत्तम चालते; तेव्हा गिऱ्हाईक संकलकांत न शोधता अशा लोकांत शोधावे. यंत्र चालवून दाखवावे, दोष आधीच सांगावेत, मूळ पावती जपून ठेवलेली असल्यास द्यावी आणि व्यवहाराची लेखी नोंद करावी. एक सावधगिरी विशेष महत्त्वाची आहे: यूपीआयवरून पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असे सांगणारा ग्राहक हा ठगच समजावा.

यंत्र जाते, विश्वास राहतो

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याच्या डिस्कवर त्याच्या मालकीचे फार थोडे असते. तेथे परक्या घरांतील लेकीसुनांची, मुलाबाळांची चित्रे असतात. पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असतात. फाइल पुसली, म्हणजे माहिती नाहीशी होते, हा समज चुकीचा आहे. पुसताना केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. पाने बऱ्याचदा तशीच राहतात आणि सहज मिळणाऱ्या साधनांनी ती परत वाचता येतात. फिरत्या हार्ड डिस्कवर सर्वत्र एकदा नवी माहिती लिहिली, म्हणजे जुनी माहिती बुजते. एसएसडी मात्र आपल्या पेशी आळीपाळीने वापरते, त्यामुळे असे वरून लिहिणे तिच्या बाबतीत भरवशाचे नसते. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली 'सिक्युअर इरेज' ही सोय वापरावी. याहून साधा मार्ग म्हणजे डिस्क काढून घेऊन उरलेले यंत्र विकणे. डिस्कविना दोन पैसे कमी येतील. पण गिऱ्हाइकाने टाकलेल्या विश्वासापुढे ती रक्कम नगण्य आहे. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना मोजक्या संगणकांपुरताच असतो, ते जुन्या यंत्रावरून रीतसर मोकळे करण्यासही विसरू नये.

शेवटी क्रमाचा प्रश्न येतो. हाती पैसा हवा म्हणून आधी जुने विकायचे आणि मग नवे घ्यायचे, हा मोह स्वाभाविक आहे. परंतु नव्या यंत्राचा एखादा भाग उशिरा आला किंवा सदोष निघाला, तर ऐन लग्नसराईत काम बंद पडते आणि गमावलेली मिळकत विक्रीच्या रकमेहून मोठी ठरते. म्हणून मुहूर्त नसलेले महिने निवडावेत. नवे यंत्र उभे करावे, त्यावर एक काम आरंभापासून अखेरपर्यंत पुरे करून पाहावे, जुन्या चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मगच जुन्याला निरोप द्यावा. दोन्ही एकदम परवडत नसतील, तर विक्रीचा सौदा ठरवून ताबा पंधरवड्याने देण्याची बोली करावी.

ज्याला गिऱ्हाईकच उरले नाही, असे यंत्र भंगारवाल्याकडे टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादक, नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक केली आहे. अशा नोंदणीकृत व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे गेलेल्या यंत्रातील तांबे आणि सोने पुन्हा उपयोगात येते. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्या हातांना मात्र विषारी धूर गिळावा लागतो. चालू स्थितीत असतानाच विकलेला संगणक ही वेळ काही वर्षे पुढे ढकलतो. एका घरातील संकलकाची गरज भागते आणि दुसऱ्या घरातील मुलाला त्याचा पहिला संगणक मिळतो. जुन्या यंत्राची बाजारातील किंमत थोडी असली, तरी त्याचे मोल एवढे खचितच आहे.