हलतो हात, शिव्या कॅमेऱ्याला

अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर गर्दी असते आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण मोबाइल उंचावून उभा असतो. फ्लॅशला बंदी, उजेड बेताचा. फोटो हलतो आणि शिव्या खातो कॅमेरा.

आधी फोटो मोठा करून नीट बघा. माणूस फराटलेला पण मागची भिंत लख्ख, तर माणूस हलला. भलतंच काही लख्ख आलं असेल, तर फोकस चुकला. चित्र, खांब, दिव्याचा ठिपका असं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर हलला तो तुमचा हात.

अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात हाताचा बारीकसा कंपही फोटोत उतरतो. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा: ५० मिलिमीटरच्या लेन्सला शटर १/५० सेकंदापेक्षा मंद नको, २०० मिलिमीटरला १/२०० पेक्षा. सेन्सर लहान, एपीएस-सी आकाराचा असेल तर वेग आणखी दीडपट धरा. झूम केलं की कंपही मोठा होतो, हे त्यामागचं कारण. तेवढा वेग मिळत नसेल, तर आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत खुशाल चढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

स्टॅबिलायझेशन असलेल्या लेन्समध्ये गायरो सेन्सर कंप हेरतात आणि आतली काही भिंगं उलट दिशेला सरकतात. हाताची चूक त्याने पोटात घातली जाते. धावत्या पोराचा फोटो मात्र त्याने सुधारत नाही.

खरी मेख बटणाशी आहे. लोक ते खटकन दाबतात आणि कॅमेऱ्याला झटका बसतो. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा तळवा लेन्सखाली धरा, श्वास अर्धा सोडून थांबा आणि बोट सावकाश आवळा. लागोपाठ चार-पाच फोटो घेतले, तर मधला एखादा हमखास बरा निघतो. मोबाइलवर टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का निवेपर्यंत वेळ मिळतो. नाइट मोडमध्ये फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जोडत असतो, त्यामुळे टिचकी मारल्या मारल्या हात खाली घेऊ नका.

एरवी खांबाला टेकायला सांगितलं असतं; अजिंठ्यात नाही, तिथे खांबही रंगवलेले आहेत. ट्रायपॉडच हवा असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घरून निघण्याआधीच काढा.