स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरची देखभाल

वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्याधारित नोंद सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २०१० सालापासून ठेवण्यात येत आहे. या नोंदीत स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाचा कर्करोग आघाडीवर आढळतो. शस्त्रक्रियेसाठी आता मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही जिल्ह्यातच आहेत. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे. खरी अडचण येते ती त्यापुढे. टाके निघाले की घरची मंडळी ‘बाई बरी झाली’ असे मानतात, तोच निंदणाचा वा कापूस वेचणीचा हंगाम उभा राहतो आणि पुढील तपासणीची तारीख टळते.

पहिले काही दिवस जखमेचे असतात. आत साचणारा द्रव बाहेर पडावा म्हणून एक नळी बसविलेली असते. रोज किती द्रव निघाला हे घरच्यांनी वहीत लिहून ठेवावे. चोवीस तासांतील प्रमाण साधारणपणे ३० मिलिलिटरच्या खाली आले, की डॉक्टर नळी काढतात. त्यानंतरही जखमेखाली पाणी साचून फुगवटा येऊ शकतो. तो घरी दाबू अथवा टोचू नये. ताप, लाली, दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताची काळजी जन्मभर घ्यावी लागते. हातातील लसिका वाहून नेणाऱ्या वाटा खंडित झाल्याने, काखेतील बहुतेक गाठी काढलेल्या सुमारे पाच स्त्रियांपैकी एकीचा हात पुढे सुजतो. ही सूज काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. शेतमजूर स्त्रीची मजुरी तिच्या हातावर असते, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात या सल्ल्याला विशेष महत्त्व आहे. पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरखडतात. अशा क्षुल्लक ओरखड्यातून जंतुसंसर्ग शिरला, की सूज बळावते. वेचणीच्या वेळी हातमोजे घालावेत, किमान लांब बाह्यांचा सदरा तरी घालावा. जखम होताच साबणाने धुवावी. बांगडी घट्ट होऊ लागणे ही सुजेची पहिली खूण होय. ‘त्या हाताने काहीच उचलू नकोस’ असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आता मात्र डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू वाढविलेला व्यायाम हिताचा ठरतो, असे दिसून आले आहे. हात बांधून ठेवल्याने खांदा आखडतो.

काही रुग्णांना हार्मोनवर परिणाम करणाऱ्या गोळ्या पाच, कधी दहा वर्षे घ्याव्या लागतात. त्रास जाणवत नाही म्हणून, किंवा गोळ्या संपल्या म्हणून, त्या परस्पर बंद करणे धोक्याचे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास तिने ताबडतोब डॉक्टरांना सांगावे.

पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी करण्याची पद्धत आहे. उरलेल्या स्तनाची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, दरवर्षी करावी. लक्षणे नसताना वारंवार महागडे स्कॅन करून घेतल्याने आयुष्य वाढत नाही. त्या पैशांत गावाहून रुग्णालयाच्या कित्येक फेऱ्या होतात.

शहरांतील काही स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर सिलिकॉनचे रोपण करून घेतात. १९६२ साली अमेरिकेत प्रथम वापरलेले हे साधन आयुष्यभर टिकेलच असे नाही. ते फाटल्यास, त्याभोवतीचे आवरण कडक झाल्यास किंवा जंतुसंसर्ग झाल्यास काढावे लागते. त्यानंतरही नळीची व जखमेची काळजी वर सांगितल्याप्रमाणेच घ्यावी. मात्र रोपणाच्या प्रकाराचा कागद ते काढल्यावरही जपून ठेवावा. खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांभोवती क्वचित लसिकापेशींचा कर्करोग उद्भवतो, आणि याच कारणाने २०१९ मध्ये एका कंपनीने अशी रोपणे जगभरातून परत घेतली. छातीवर पुन्हा सूज वा गाठ दिसल्यास तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

रोपण न करणाऱ्या स्त्रियांना चोळीत बसणारी मऊ कापसाची गादी पुरेशी ठरते. ती सुती कापडात शिवून घरीही करता येते. सुरुवातीला ती हलकी असावी. वजनदार सिलिकॉनचे साधन वापरायचे असल्यास जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा ते आठ आठवडे, थांबावे.