फवारणीची कीटकनाशके आणि सागरी प्लवकांची ऊर्जा

लखनौपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही मलिहाबादच्या आंबाबागांकडून वाहून आलेले पाणी गोमतीत उतरते, गोमती वाराणसीजवळ कैथी येथे गंगेला मिळते आणि गंगा बंगालच्या उपसागराला. यवतमाळच्या कापूसपट्ट्यातील पाणीही वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेने त्याच उपसागरात पोहोचते. रसायनांच्या विषारीपणाचा अभ्यास करणारी भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था लखनौत १९६५ पासून आहे. त्या शास्त्रातला एक प्रश्न असा, की किडीच्या पेशीतील ऊर्जा तोडणारे औषध पाण्यात उतरल्यावर तिथल्या जिवांचे काय करते?

पेशीतील तंतुकणिका एखाद्या धरणासारखी चालते. इलेक्ट्रॉनांच्या वहनातून पडद्यापलीकडे प्रोटॉन साठतात आणि ते परत वाहताना एटीपी ही ऊर्जा तयार होते. फेनाझाक्वीन व टोल्फेनपायरॅड वहनाचा पहिलाच टप्पा अडवतात. डायफेन्थ्युरॉन आणि प्रोपरगाईट एटीपी बनवणारे चक्रच थांबवतात. क्लोरफेनॅपायर किडीच्या शरीरात सक्रिय होऊन धरणालाच भगदाड पाडते. प्रोटॉन वाहून जातात, ऊर्जा बनत नाही.

ही यंत्रणा कीटकांची खासगी मालमत्ता नव्हे. समुद्रातील प्राणीप्लवकांमध्ये कोपेपोड संख्येने प्रचंड आहेत आणि ते कीटकांचेच दूरचे भाऊबंद, संधिपाद. क्लोरफेनॅपायरपासून शरीरात बनणारा ट्रालोपायरिल हा सक्रिय पदार्थ तर जहाजांच्या रंगात मुद्दाम मिसळतात, कारण तळाला चिकटू पाहणाऱ्या शिंपल्यांच्या व बार्नेकलच्या प्लवक अवस्थेतील डिंभकांना तो रोखतो. डेरिसच्या मुळांतील रोटेनोन पहिलाच टप्पा अडवतो. त्याने पाण्यात प्राणवायू असूनही मासे मरतात, हे मासेमारांना पूर्वापार ठाऊक होते.

मरण हा मात्र ढोबळ निकष आहे. नेहमीची चाचणी गोड्या पाण्यातील डॅफ्नियावर होते आणि ४८ तासांत किती जीव हालचाल थांबवतात ते मोजते. अनेक कोपेपोड रोज रात्री वर येतात व दिवसा खोल जातात. त्यांच्या ऊर्जेत थोडी जरी घट झाली, तरी हा प्रवास आणि अंडी घालणे आधी मंदावू शकते. या तुटवड्याची झळ मत्स्यबीजाच्या तोंडापर्यंत पोहोचू शकते.

यांपैकी बरीच द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. म्हणूनच त्यांचा प्रवास बहुतांशी गाळाबरोबर होतो. जोरदार पावसाआधी फवारणी टाळणे, नाल्याच्या काठी गवताचा पट्टा राखणे आणि पंपाचे धुवण नाल्यात न ओतता त्याच पिकावर फवारणे, एवढे विस्तार कार्यकर्त्यास बांधावर उभे राहून सांगता येते.