आपल्याच जमातीचा तर्जुमा: भरवसा कुठून येतो आणि तपास कुठे थांबतो?

रविवारची सकाळ. दारावरची बेल वाजते. नीटनेटक्या कपड्यांतले दोघं जण उभे असतात आणि बायबलबद्दल दोन मिनिटं बोलू का, असं अदबीने विचारतात. शहरात राहणाऱ्या अनेक वाचकांना हा अनुभव असेल. हे बहुधा 'यहोवाचे साक्षीदार' असतात. राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहिले पण गायले नाहीत म्हणून केरळमधल्या तीन मुलांना शाळेतून काढलं होतं आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ती मुलं याच पंथाची.

हे लोक त्रैक्य मानत नाहीत. हजरत ईसा (अलै.) हे स्वतः ईश्वर नाहीत, असं ते म्हणतात. (ईश्वराचे पुत्र मात्र मानतात, तिथे आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो.) त्यामुळे आपल्यातल्या काहींना त्यांचं बायबल जवळचं वाटतं. वादविवादात आणि व्हॉट्सॲपवर त्यातली वाक्यं पुरावा म्हणून फिरतात. म्हणूनच या बायबलकडे जरा नीट पाहायला हवं.

तर्जुमा कसा आला?

या पंथाची सुरुवात १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ चार्ल्स टेझ रसेल यांच्या अभ्यासगटातून झाली. 'यहोवाचे साक्षीदार' हे नाव १९३१ मध्ये घेतलं गेलं. तोवर आणि पुढेही बरीच वर्षं ते इतरांचीच भाषांतरं वापरत. १९५० मध्ये त्यांनी स्वतःचं 'न्यू वर्ल्ड ट्रान्सलेशन' आणलं. आधी नवा करार आला आणि १९६१ मध्ये संपूर्ण बायबल. २०१३ मध्ये त्याची मोठी सुधारित आवृत्ती निघाली.

भाषांतर कोणी केलं, हे संस्थेने कधीच जाहीर केलं नाही. श्रेय ईश्वराला जावं, माणसाला नको, असं कारण दिलं गेलं. पुढे रेमंड फ्रान्झ या माजी नियमन मंडळ सदस्याने १९८३ च्या आपल्या पुस्तकात नावं सांगितली. त्यांच्या मते मूळ भाषांचं पुरेसं ज्ञान त्या गटातल्या एकाच माणसाला, फ्रेड फ्रान्झ यांना होतं. हे फ्रेड म्हणजे रेमंड यांचेच काका.

वाद कशावर?

दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच वाक्य. इतर भाषांतरांत 'शब्द देव होता' असा अर्थ येतो, तर यांच्यात 'शब्द एक देव होता' असा. ग्रीक भाषेत इंग्रजीतल्या 'द' सारखा शब्द आहे, पण 'अ' सारखा नाही. या ठिकाणी 'देव' या शब्दाआधी तो 'द' नाही. साक्षीदार म्हणतात, म्हणून 'एक देव'. बहुतेक ग्रीक अभ्यासकांचं उत्तर असं की अशा वाक्यरचनेत शब्द गुण किंवा स्वरूप सांगतो, म्हणून 'एक' घालणं बरोबर नाही. आपल्या मराठीत तर 'द' ही नाही आणि 'अ' ही नाही. तेव्हा नुसता मराठी तर्जुमा वाचून या वादाचा निकाल लावताच येणार नाही.

दुसरं उदाहरण 'यहोवा' या नावाचं. हिब्रू जुन्या करारात हे चार अक्षरी नाव सुमारे ७,००० वेळा आहे, याबद्दल वाद नाही. पण या भाषांतरात ते नव्या करारातही २३७ वेळा येतं. नव्या कराराच्या आज उपलब्ध असलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ते चार अक्षरी नाव एकदाही नाही. तिथे 'प्रभू' किंवा 'देव' हे शब्द आहेत. साक्षीदारांचा युक्तिवाद असा की जुन्या कराराच्या काही प्राचीन ग्रीक तुकड्यांत ते नाव हिब्रू अक्षरांत सापडतं, म्हणून नव्या करारातही असणार. तुकडे खरे आहेत, पण 'असणार' म्हणजे 'आहे' नव्हे.

सगळेच अभ्यासक विरोधात आहेत असंही नाही. जेसन बेडुन या अमेरिकन अभ्यासकाने २००३ मध्ये अनेक इंग्रजी भाषांतरं तपासली आणि अचूकतेबाबत याचं कौतुक केलं. पण नव्या करारात 'यहोवा' घालणं त्यांनाही पटलं नाही.

मग प्रश्न का पडत नाही?

साक्षीदार अडाणी नसतात, उलट वाचन भरपूर करतात. कारणं वेगळी आहेत.

एक, मूळ भाषा येत नाही. मग भरवसा कोणावर तरी ठेवावाच लागतो.

दोन, नियमन मंडळ हेच ईश्वराने नेमलेला 'विश्वासू दास' आहे, अशी त्यांची शिकवण आहे. मग भाषांतरावर शंका म्हणजे थेट नेमणुकीवर शंका.

तीन, इतिहास. नाझी जर्मनीत त्यांना छळछावण्यांत डांबलं गेलं, कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावला गेला. ज्यांनी खरा छळ सोसला, त्यांना साधी टीकाही छळासारखी वाटते.

चार, किंमत. जमातीतून काढलेल्या माणसाशी घरचेही संबंध कमी करतात किंवा तोडतात. आई-वडील, भाऊ-बहीण गमावण्याची भीती असेल, तर माणूस प्रश्न गिळून टाकतो.

गंमत म्हणजे तपासाचं साधन याच संस्थेने दिलं आहे. १९६९ मध्ये त्यांनीच ग्रीक मजकूर आणि शब्दशः अर्थ असलेली आवृत्ती छापली. ग्रीक ओळीत 'प्रभू' आणि शेजारच्या भाषांतरात 'यहोवा', हा फरक त्यात कोणालाही दिसतो. पुस्तक कपाटात असतं, पण बघायची गरज वाटत नाही.

आता आपल्या घरात

इथे थांबलो तर हा लेख फक्त दुसऱ्याची झडती ठरेल. आपल्याकडे काय आहे? एका घरात 'कन्झुल ईमान', दुसऱ्यात 'बयानुल कुरआन', तिसऱ्यात 'तफ्हीमुल कुरआन'. आणि 'तो तर्जुमा हातात घेऊ नकोस' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं. हिलाली-खान यांच्या इंग्रजी तर्जुम्यात सूरह फातिहाच्या शेवटी कंसात यहुदी आणि ख्रिश्चनांचं नाव जोडलेलं आहे. ते अरबी आयतीत नाही, तफ्सीरमधून आलं आहे. कंस न बघता वाचणाऱ्याला ते अल्लाहचेच शब्द वाटतात.

एक मोठा फरक जरूर आहे. आपल्याकडे तर्जुमा म्हणजे कुरआन नव्हे, तो अर्थाचा प्रयत्न. अरबी मूळ बहुतेक तर्जुम्यांत शेजारीच छापलेलं असतं आणि लाखो हाफिजांच्या छातीत असतं. पण अरबी कळत नसेल तर तो शेजार उपयोगाचा कसा? आपल्यापैकी बहुतेक जण शेवटी तर्जुम्यावरच चालतात.

सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर पडताळून घ्यायची ताकीद आहे. ती फक्त परक्यांच्या खबरीसाठी आहे का?

म्हणून तीन गोष्टी घरात करता येतील. एखादी आयत अडली तर दोन वेगळ्या मसलकांचे तर्जुमे शेजारी ठेवून वाचा आणि फरक दिसला की जाणत्या आलिमांना विचारा. मुलांना नाजराबरोबर थोडं अरबी व्याकरणही शिकवा. आणि आपल्या सोयीचं बायबलचं वाक्य पुढे पाठवण्याआधी ते कुठल्या भाषांतरातलं आहे, हे बघा. आवडलं म्हणून खरं मानणं, हीच तर ती चूक.

पुढच्या रविवारी बेल वाजली तर दार उघडा, पाणी विचारा. अहले किताबशी चांगल्या रीतीने बोलायचं हे आपल्याला शिकवलेलंच आहे. 'हे मूळ ग्रीकमध्ये कसं आहे?' हा प्रश्न जरूर विचारा. फक्त 'तुमच्या तर्जुम्यात हे अरबीत कसं आहे?' असं त्यांनी उलट विचारलं, तर आपल्याकडे उत्तर हवं.