मित्राची बिअर आणि लोण्याचा वास

मित्राने बाटली उघडली, ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः न पिता माझ्या तोंडाकडे बघत बसला. हा मूळचा सांगलीचा, आता अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला राहणारा. तळघरात दोन महिने खपून त्याने केलेली ही पहिली लागर. मी वास घेतला. ताज्या लोण्याचा वास, ताक घुसळून झाल्यावर रवीला जे चिकटून राहतं त्या लोण्याचा! ‘‘अरे, फारच छान झालीये!’’ मी म्हणालो, तेही अगदी मनापासून.

दोन दिवसांनी त्याच्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबमधल्या एका वयस्कर बाईंनी ती नाकाशी धरली. एक घोटही न घेता त्यांनी विचारलं, ‘‘आंबत असताना तापमान किती होतं? आणि थंड कधी केलीस?’’ मग चव घेऊन आणखी एक प्रश्न, ‘‘आंबटपणा मुळीच नाही ना?’’ तीन प्रश्नांत त्यांना दोष सापडला होता आणि त्याचं कारणही.

त्या वासाचं नाव डायअसिटिल. माल्टच्या गोड काढ्यात घातलेलं यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. शिवाय स्वतःच्या वाढीसाठी ते व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल घडवतं. त्या घडणीतला एक अर्धवट पदार्थ पेशीबाहेर पाझरतो आणि बिअरमध्ये हळूहळू आपोआप डायअसिटिल होतो. पुढे यीस्टच ते परत आत ओढून घेतं आणि त्याचं जवळजवळ बिनवासाच्या पदार्थांत रूपांतर करतं. त्यासाठी त्याला सवड लागते आणि थोडी ऊब. लागर १० अंश सेल्सिअसच्या आसपास आंबवतात, त्या थंडीत हे काम रेंगाळतं. मित्राने तर बुडबुडे थांबल्याबरोबर बरणी फ्रिजमध्ये ठेवली होती. यीस्ट निपचित पडलं, लोण्याचा वास मागे राहिला. हाच वास काही जीवाणूंच्या शिरकावानेही येतो, पण ते सोबत आंबटपणा आणतात. बाईंचा तिसरा प्रश्न त्यासाठी होता.

हलक्या लागरमध्ये लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास डायअसिटिल असलं, तरी सरावलेल्या नाकाला ते कळतं. मग आम्हा दोघांना का कळलं नाही? कळलं होतं की! नाकाने बरोबर टिपलं होतं. पण विरजणातले काही जीवाणू हाच रेणू बनवतात आणि लोण्याला त्याचा वास त्यामुळेच येतो. ज्या वासाशी आमचं सगळं लहानपण बांधलेलं, त्याला आम्ही दोष कसा म्हणणार? बाईंनीही त्याला वाईट म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, ‘‘तुला बनवायचं काय होतं?’’ झेक लागरमध्ये या वासाची पुसट छटा चालते, जर्मन पिल्सनरमध्ये नाही. मित्राला पिल्सनर करायची होती. अभिप्राय देण्याआधी करणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारावं, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

बोल्डरमध्ये हा छंद चांगला रुजलेला आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती करमुक्त बनवता येऊ लागली. त्याच वर्षी चार्ली पपाझियन यांनी याच गावात घरगुती बिअरवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. (आपल्याकडे हा प्रयोग करू नये. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.)

अमेरिकेतल्या स्पर्धांत परीक्षक जी ५० गुणांची पत्रिका वापरतात, ती मला फार आवडली. वासाला १२ गुण, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १० आणि दिसण्याला फक्त ३! आणि चवीचे म्हणून जे २०, त्यांतलाही मोठा वाटा नाकाचाच. घोट गिळताना घशाच्या मागून वास वर चढतो, त्यालाच आपण चव म्हणतो. सर्दीत आमटी बेचव का लागते, ते यावरून कळावं. म्हणूनच बिअर बर्फगार प्यायला दिली की दोष लपतात. थंडीत वासाचे रेणू हवेत कमी उडतात. ग्लासवर तळहात ठेवून, जरा फिरवून, दोनतीन छोटे हुंगे घ्यायचे. एकच लांब श्वास घेतला तर नाक त्या वासाला लगेच सरावतं.

आणि बोलण्याआधी लिहायचं. बोर्दो विद्यापीठात वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोनदा दिली गेली, एकदा तशीच आणि एकदा बिनवासाचा लाल रंग घालून. लाल दिसताच त्यांनी तिच्या वासाला रेड वाइनचे शब्द लावले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. डोळा नाकाला इतका चकवत असेल, तर शेजाऱ्याचा ‘वा!’ काय करेल?

शब्द मात्र नेमके हवेत. ‘कशीतरीच लागते’ म्हटल्याने करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उकडलेल्या मक्याचा वास येतो म्हटलं, तर काढा झाकण ठेवून उकळला का, हे तो तपासतो. ओल्या पुठ्ठ्याचा म्हटलं, तर बाटल्या भरताना हवा कुठे शिरली ते बघतो. दवाखान्याचा म्हटलं, तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनकडे वळतो. पिकलेलं केळं आणि लवंग हे जर्मन गव्हाच्या बिअरचे गुण, पण पिल्सनरमध्ये तेच दोष.

स्वतः करणाऱ्याला हे का जमत नाही? तो आठवडेच्या आठवडे त्याच वासात वावरलेला असतो. हिंगाच्या डब्याशेजारी बसणाऱ्याला हिंग जाणवत नाही, बाहेरून येणारा उंबऱ्यातच ओळखतो. मित्राला आपलं कौतुक लागत नाही, आपलं नाक लागतं.

दुसऱ्या खेपेला त्याने लागर शेवटचे तीन दिवस १७ अंशांवर ठेवली. थंड करण्याआधी मला बोलावलं. बरणीतून दोन ग्लास काढले, झाकले आणि एक वीस मिनिटं कढत पाण्यात ठेवला. लपून राहिलेला तो अर्धवट पदार्थ उष्णतेने झटपट डायअसिटिल होतो, म्हणून ही परीक्षा. मग तो ग्लास निववला. आम्ही पाठीला पाठ लावून वास घेतला आणि आपापल्या कागदावर लिहिलं. त्याने लिहिलं होतं : दोन्ही स्वच्छ. मी : तापवलेल्यात लोणी, पुसट.

त्याने दोन्ही ग्लास पुन्हा हुंगले, मग अंगणात जाऊन, जरा मोकळ्या हवेत थांबून परत आला आणि तिसऱ्यांदा हुंगले. ‘‘आहे रे,’’ तो म्हणाला. बरणी आणखी दोन दिवस तशीच उबेला राहिली.