इमारत उभी राहील. जनावर कसे येईल?

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्या वास्तूसाठी निधी मंजूर होतो, तेव्हा भिंतींचा खर्च अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो. औषधे, चारा, परिचर, वाहनचालक यांचा आवर्ती खर्च मात्र पुढील वर्षावर ढकलला जातो. परळचे महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले ते बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयालगत. रुग्णालय आधी, वर्ग नंतर. त्या वेळच्या मुंबईत बैल व घोडे यांची वाण नव्हती. आज तेथे बैल शोधावा लागतो.

गाभण गाईची तपासणी फळ्यावर शिकता येत नाही, ती हातालाच कळावी लागते. परंतु अडलेली म्हैस चाळीस किलोमीटरवर कोणता शेतकरी नेईल? टेम्पोचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली, तर फुकट उपचारही महाग पडतो. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा जनावरांच्या वाहतुकीवरच निर्बंध आले. लस गोठ्यापर्यंत न्यावी लागली.

म्हणून शल्यगृहाबरोबरच फिरता दवाखाना, जनावर उचलण्याची यंत्रणा आणि रात्रपाळीची पदे त्याच शासननिर्णयात मंजूर व्हावीत. सभागृह दोन वर्षे थांबले तरी कोणाचे काही अडणार नाही.