‘सेंद्रिय’ या विशेषणाचे अर्थ आणि खताची निवड

खताच्या पोत्यावरील एक विशेषण हा भाषाशास्त्राचा विषय कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु शब्दाच्या अर्थावर विसंबून जेव्हा वस्तू घेतली जाते, तेव्हा त्या अर्थाची संदिग्धता ही केवळ कोशकाराची अडचण राहत नाही. प्रस्तुत लेखात घरगुती गांजाच्या रोपाचे उदाहरण घेतले आहे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यान्वये ही लागवड परवान्यावाचून करणे गुन्हा आहे. कॅनडात मात्र १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात चार रोपे लावता येतात (क्वेबेक प्रांताने यास मनाई केली आहे), तर जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढास तीन रोपांची मुभा आहे. हे रोप कुंडीत वाढते, काही महिन्यांत आयुष्य संपविते आणि त्याला अन्न बरेच लागते. शब्दाची चूक येथे लवकर उघडकीस येते, म्हणून हे उदाहरण सोयीचे.

‘सेंद्रिय’ हा शब्द आपण ‘ऑर्गॅनिक’ या इंग्रजी शब्दावरून घडविला. मूळ शब्दात ‘ऑर्गन’ आहे म्हणून येथे ‘इंद्रिय’ आले, आणि अवयवांचा अर्थ दोहोंकडे मागे पडून आज तीन निरनिराळे अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनचे संयुग. या अर्थाने १८२८ साली व्होलरने प्रयोगशाळेत तयार केलेला युरिया सेंद्रियच ठरतो. शेतकरी मात्र त्याला निःशंकपणे रासायनिक खत म्हणतो. दुसरा अर्थ उगमाचा : जे प्राण्यांपासून वा वनस्पतींपासून मिळाले ते सेंद्रिय. तिसरा अर्थ शेतीच्या पद्धतीचा. लॉर्ड नॉर्थबोर्न याने १९४० च्या आपल्या पुस्तकात ही संज्ञा वापरली, तेव्हा त्याच्या मनात शेत हाच एक सजीव देह होता. खताचा उगम हा त्यातला गौण भाग. या तिसऱ्या अर्थाच्या कक्षेत खनिज रॉक फॉस्फेटही येते, कारण सेंद्रिय शेतीच्या नियमांत ते चालते. म्हणजे युरिया सेंद्रिय असून चालत नाही आणि दगड निरिंद्रिय असून चालतो! जर्मन भाषेने खताच्या उगमासाठी ‘ऑर्गानिश’ आणि शेतीच्या पद्धतीसाठी ‘ओकोलोगिश’ असे वेगळे शब्द राखून हा घोटाळा पुष्कळसा टाळला आहे.

आपल्याकडे त्यात हिंदीची भर पडते. हिंदीतील ‘जैविक खाद’ म्हणजे मराठीतील सेंद्रिय खत; पण मराठी शेतकी लेखनात ‘जैविक खत’ म्हणजे बहुधा ॲझोटोबॅक्टरसारखे जिवाणू खत. या दुसऱ्या पुडीत अन्न जवळजवळ नसते, असलेले अन्न उपलब्ध करून देणारे कामकरी असतात. एकाच्या जागी दुसरे घेणाऱ्याचे रोप उपाशी राहते.

येथे जुन्या मराठी शेतकी परिभाषेकडे वळावेसे वाटते. भरखत, जोरखत आणि वरखत ही त्रयी पाहावी. शेणखत हे भरखत : नत्र सुमारे अर्धा टक्का, पण माती भुसभुशीत करण्याचे मुख्य काम त्याचे. भुईमुगाची पेंड हे जोरखत : नत्र सुमारे सात टक्के. वाढत्या पिकाला वरून दिले ते वरखत. खत कोठून आले, हे ही नावे सांगत नाहीत. ते काय करते आणि केव्हा द्यावयाचे, हे सांगतात. माझ्या मते निवड करणाऱ्याला हेच वर्गीकरण अधिक उपयोगी आहे. गांजाच्या रोपाला पालवीच्या काळात नत्र अधिक लागते. फुलोऱ्यात नत्राची गरज उतरते आणि स्फुरद-पालाशकडे लक्ष द्यावे लागते. म्हणून आरंभी कंपोस्टचे भरखत, पालवीला पेंडीसारखे जोरखत आणि स्फुरदासाठी हाडांचे चूर्ण, तेही कुंडी भरतानाच, हा क्रम सयुक्तिक ठरतो.

‘तेही कुंडी भरतानाच’ असे म्हणण्यास कारण आहे. ही खते जिवाणूंनी कुजविल्यावाचून मुळांना मिळत नाहीत. जर्मनीत लोकप्रिय असलेल्या शिंगांच्या चुऱ्यात नत्र बारा टक्क्यांच्या वर असते. परंतु जाड चुरा कुजण्यास कित्येक महिने घेतो, आणि तोवर रोपाचा हंगाम आटोपतो. बारीक पूड काही आठवड्यांत लागू पडते. नारळाच्या काथ्यासारख्या माध्यमात जिवाणू मुळातच कमी, तेव्हा थोडे कंपोस्ट मिसळणे हिताचे.

‘सेंद्रिय’ या शब्दातून ‘निरुपद्रवी’ असा ध्वनी निघतो, तोही तपासून घेतला पाहिजे. एरंडीची पेंड पूर्णतः सेंद्रिय. पण तिच्यातील रिसिन हे विष उष्णतेने नष्ट केलेले नसेल, तर ती खाल्ल्याने घरातील कुत्रा दगावू शकतो. गांजाचे रोप जमिनीतील जड धातू शोषून घेते; याच गुणामुळे दूषित जमिनीच्या शुद्धीसाठी त्याचा अभ्यास झाला आहे. शहरी मैल्यापासून केलेल्या खतात असे धातू असू शकतात, आणि काही रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असते. अशा खताच्या पोत्यावर विशेषणाऐवजी धातूंच्या पृथक्करणाचे आकडे वाचावेत, आणि ते छापलेले नसतील तर विक्रेत्याकडे मागावेत.